पंचवीस वर्षांचा मजकूर जुन्या फॉन्टमध्ये अडकलाय, छापखान्याने काय करावं?

प्रश्न मिरजेहून आलाय. विचारणाऱ्याच्या वडिलांचा छापखाना आहे. लग्नपत्रिका, संस्थांचे वार्षिक अहवाल, एक दिवाळी अंक आणि वर्षाला सहा-सात पुस्तकं असं काम. १९९९पासूनच्या सगळ्या फाइल पेजमेकर या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये, जुन्या मराठी फॉन्टमध्ये आहेत. ज्या संगणकावर त्या उघडायच्या तो गेल्या महिन्यात बंद पडला आणि नव्या संगणकावर मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरांची गिचमिड दिसतेय. विक्रेता म्हणतो, नवं सॉफ्टवेअर घ्या, दरवर्षी पैसे भरा. मित्र म्हणतो, फुकटचं वापर. वडील म्हणतात, जुनाच संगणक दुरुस्त कर. टाइप करणाऱ्या ताईंना जुना कीबोर्डच येतो. आणि शेवटी एक वाक्य आहे, जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं: "या धंद्यात आता काही राहिलंय का, हेच कळत नाही."

मी एकोणीस वर्षं हेच काम करतोय. जुन्या फॉन्टमधला मराठी मजकूर सोडवून युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या संगणकांना कळणाऱ्या समान संकेतव्यवस्थेत आणणं. सुरुवात हौसेने झाली, पुढे लोक कामं देऊ लागले. त्रैमासिकं, शाळांच्या स्मरणिका, ग्रामदैवतांच्या पोथ्या, साखर कारखान्यांचे अहवाल, असं बरंच हाताखालून गेलंय. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या एका प्रश्नात तीन प्रश्न गुंतलेत. जुना मजकूर कसा सोडवायचा, पुढचं काम कशावर करायचं, आणि या सगळ्यावर पैसे घालण्यात अर्थ आहे का. विक्रेता दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर घेऊन दारात येतो, म्हणून सगळे तिथूनच सुरुवात करतात. तुम्ही पहिल्यापासून करा. तिसऱ्याचं उत्तर बरंचसं पहिल्यात दडलंय.

एक आधीच सांगतो, माझं सगळं उत्तर तुम्हाला जसंच्या तसं लागू पडेल असं नाही. फाइली कोणत्या कंपनीच्या फॉन्टमध्ये आहेत, मूळ फॉन्ट हाताशी आहे का, पानांत तक्ते आणि इंग्रजी किती आहे, आणि मुख्य म्हणजे तुमच्याकडे मन लावून प्रूफ वाचणारं माणूस आहे का, यावर खूप काही ठरतं. शेवटच्या गोष्टीवर तर सगळ्यात जास्त.

ही गिचमिड कुठून आली

हे समजून घ्या, म्हणजे कोणीही काहीही विकायला आलं तरी फसणार नाही.

नव्वदच्या दशकात साध्या संगणकाला देवनागरी आपणहून कळत नव्हती. त्याला अक्षरांसाठी २५६ खाने माहीत, आणि त्यातले पहिले १२८ इंग्रजीने घेतलेले. पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेने, त्याआधी कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेल्या जिस्ट या प्रकल्पाच्या कामातून, भारतीय लिप्यांसाठी इस्की नावाची एक समान संकेतव्यवस्था पुढे नेली. १९९१ साली ती भारतीय मानक झाली. तिच्यामागचा विचार चांगला होता. अक्षर कसं दिसतं ते न साठवता ते कोणतं आहे ते साठवायचं, आणि क नंतर पाय मोडून ष आला की क्ष दाखवायची जबाबदारी यंत्राने घ्यायची. पण पेजमेकरसारख्या पानं लावणाऱ्या सॉफ्टवेअरला हे जोडाक्षर घडवणं जमत नव्हतं. त्याला तयार आकार हवे होते. मग फॉन्ट बनवणाऱ्यांनी इंग्रजी अक्षरांच्या खान्यांतच देवनागरीचे तुकडे बसवले. अर्धा भ एका खान्यात, काना दुसऱ्यात, रफार तिसऱ्यात. पडद्यावर 'भारत' दिसतं, फाइलमध्ये मात्र पाच-सहा इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात. फॉन्ट आहे तोवर ते 'भारत', फॉन्ट गेला की गिचमिड.

या लोकांना कोणी नावं ठेवली की मला वाईट वाटतं. त्या काळात दुसरा मार्गच नव्हता. त्यांच्यामुळे तालुक्याच्या गावात धातूच्या खिळ्यांची जुळणी थांबून मराठी छपाई संगणकावर आली, अंक सुबक निघू लागले, नवी रोजगाराची वाट उघडली. अडचण वेगळीच होती. प्रत्येक कंपनीने तुकडे आपापल्या पद्धतीने खान्यांत बसवले. एकाचा मजकूर दुसऱ्याच्या फॉन्टमध्ये लावला की वाचता येईना. त्यामुळे ज्याचा फॉन्ट घेतला त्याच्याशी गिऱ्हाईक कायमचं बांधलं गेलं. वर डोंगल. संगणकाला प्रिंटर जोडायच्या जागी लावायचं ते छोटं कुलूप हरवलं किंवा बिघडलं, तर स्वतःच टाइप केलेला मजकूर स्वतःलाच उघडेना. एका संस्थेचा चौदा वर्षांचा पत्रव्यवहार अशा कुलपामागे अडकलेला मी पाहिलाय. मजकूर त्यांचा, कागद त्यांचा, टाइप करणाऱ्याचा पगार त्यांनी दिलेला, आणि किल्ली दुसऱ्याकडे.

युनिकोड १९९१ साली आलं. त्यात देवनागरीला १२८ खान्यांचा स्वतःचा गट मिळाला, आणि त्याची मांडणी इस्कीवरूनच घेतलेली होती. म्हणजे आपल्याकडच्या कामावर जगाने उभारणी केली. पण ते सामान्य माणसाच्या संगणकावर यायला विंडोज २००० उजाडावं लागलं. त्यासोबत आलेला मंगल फॉन्ट आपल्या सुलेखनकार र. कृ. जोशींनी मुंबईच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रात, म्हणजे जुहूच्या एनसीएसटीत, घडवलेला. पडद्यावर तो स्वच्छ दिसतो. छापायला मात्र डीटीपीवाल्यांनी, म्हणजे संगणकावर पानं लावणाऱ्यांनी, तो कधी मनापासून घेतला नाही, आणि त्यात त्यांचंही चुकलं नाही, कारण सुलेखनाच्या वळणाचे देखणे फॉन्ट तेव्हा फक्त जुन्या पद्धतीतच मिळत होते. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ सालची, आणि तिला युनिकोड कळत नाही. ती ज्यांनी सोडली नाही ते तिथेच राहिले. तुमच्या वडिलांसारखे हजारो लोक आळसामुळे थांबलेले नाहीत. चांगलं दिसणारं काम वेळेवर द्यायचं होतं, म्हणून थांबले.

आधी वडिलांचं ऐका

पहिलं पाऊल वडील म्हणतात तेच. जुना संगणक दुरुस्त करा, निदान त्याची हार्ड डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडून सगळं उतरवून घ्या. फाइली तर घ्याच, फॉन्टचा फोल्डरही न विसरता घ्या. लोक फाइली घेतात, फॉन्ट विसरतात, आणि मग कोणता खाना कोणत्या अक्षराचा हे हाताने शोधत बसावं लागतं. १९९९ ते २००५च्या सीडी असतील तर त्या सगळ्यात आधी. घरी कोरलेल्या सीडी इतकी वर्षं टिकतातच असं नाही. मी उघडायला घेतलेल्या अशा सीडींपैकी बऱ्याच मध्येच अडकल्या आहेत.

जुना संगणक उठलाच नाही, तर नव्या संगणकातच आभासी यंत्र, म्हणजे संगणकातला दुसरा संगणक, बनवून त्यात तुमच्याकडची जुनी विंडोज आणि पेजमेकर बसवता येतं. तेही जमत नसेल तर लिब्रेऑफिस हे मोफत सॉफ्टवेअर पेजमेकरच्या फाइली उघडतं. पानाची मांडणी विस्कटते, पण मजकूर हाती लागतो, आणि आपल्याला मजकूरच हवाय. पेजमेकर चालू झालं तर मजकूर आरटीएफ स्वरूपात, म्हणजे अक्षरांसोबत फॉन्टचीही खूण ठेवणाऱ्या स्वरूपात, बाहेर काढा. साध्या टेक्स्टमध्ये काढू नका. याचं कारण मी ठेच लागून शिकलोय.

२००८ साली एका त्रैमासिकाचे अकरा वर्षांचे अंक माझ्याकडे आले. मी सगळा मजकूर साध्या टेक्स्टमध्ये घेतला आणि रूपांतराच्या प्रोग्राममधून काढला. मराठी झकास आलं. पण त्या लेखांत इंग्रजी पुस्तकांची, लेखकांची नावं होती, ती मुळात इंग्रजी फॉन्टमध्ये टाइप केलेली. साध्या टेक्स्टमध्ये कोणतं अक्षर कोणत्या फॉन्टमधलं ही खूणच उरत नाही. प्रोग्रामने ती इंग्रजी नावंही जुनी मराठी समजून 'भाषांतरित' केली आणि अर्थहीन देवनागरी तयार झाली. संदर्भसूचीच्या संदर्भसूची गेल्या. मी नमुन्याला जी पानं तपासली होती त्यांत एकही इंग्रजी शब्द नव्हता. ते सगळं काम मी पुन्हा केलं, त्यात चार महिने गेले. तेव्हापासून फॉन्टची खूण शाबूत असलेल्या स्वरूपातूनच रूपांतर करायचं, आणि नमुन्याचं पान सगळ्यात अवघड निवडायचं, हे मी सोडलेलं नाही.

रूपांतरात नेमकं काय होतं

इंटरनेटवर फुकट रूपांतर करणारी पानं बरीच आहेत. काही खरंच चांगली आहेत. ती कुठे चुकतात ते कळलं की तुम्हीच पारखू शकाल.

जुन्या फॉन्टमध्ये अक्षरं डोळ्यांना दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात, युनिकोडमध्ये उच्चाराच्या क्रमाने. 'मार्मिक' घ्या. जुन्या फाइलमध्ये म, काना, मग पहिली वेलांटी, मग म, मग रफार, मग क. युनिकोडमध्ये म, काना, मग पाय मोडलेला र, मग म, मग वेलांटी, मग क. म्हणजे वेलांटी उजवीकडे सरकवायची, रफार डावीकडे, आणि दोघांनी एकमेकांना ओलांडून जायचं. वेलांटी जोडाक्षरावर असेल तर ती पूर्ण जोडाक्षराच्या पलीकडे न्यायची. रफाराखाली मात्रा-उकार असतील तर तेही ओलांडायचे. 'मूर्तींना' या शब्दात दीर्घ वेलांटी, रफार आणि अनुस्वार हे तिन्ही मिळून काही फॉन्टमध्ये एकच तुकडा असतो. त्याचे तीन भाग करून तिघांना तीन जागी पाठवावं लागतं. भ, ध, ख यांसारखी अक्षरं काही फॉन्टमध्ये अर्धं अक्षर अधिक काना अशी बनवलेली असतात, तिथे पहिला काना अक्षराचा आणि दुसरा खरा, हे ओळखावं लागतं.

हे सगळं नियमांनी होतं, आणि चांगला प्रोग्राम ते करतो. पण टाइप करणारं माणूस असतं. रफार आधी मारला की अनुस्वार आधी मारला, पडद्यावर सारखंच दिसतं. दोनदा मारलेला अनुस्वार एकावर एक बसून एकच दिसतो. छापलेल्या पानावर न दिसलेल्या या चुका रूपांतरानंतर उघड्या पडतात. त्यात कोणाचा दोष नाही, पण वाचून काढायला माणूसच लागतो.

आणि मग मराठीच्या खास जागा. 'आचार्यांना नमस्कार केला' आणि 'आचाऱ्यांना पैसे दिले', यांतला फरक आपल्याला लहानपणापासून कळतो. हिंदी डोळ्यासमोर ठेवून बनवलेले रूपांतराचे प्रोग्राम हा अर्धचंद्री र ओळखत नाहीत आणि स्वयंपाक्यांचे गुरुजी करून ठेवतात. नमुन्यात हा शब्द घालून बघा. दोन मिनिटांत प्रोग्रामची जात कळते.

याहून त्रासदायक आहेत ते जुळे. म्हणजे दिसायला हुबेहूब, पण आत वेगळे. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधी लोक अ वर चंद्र ठेवून काम भागवत होते, आजही भागवतात. 'ॲड्रेस' असा शब्द शोधला तर अर्धेच निकाल येतात, कारण उरलेल्या ठिकाणी तो दुसऱ्या पद्धतीने लिहिलाय. 'ऱ्य'सुद्धा दोन रीतींनी लिहिला जातो: एकात खालचा टिंब असलेला ऱ, दुसऱ्यात साधा र आणि त्यामागे न दिसणारं एक जोडचिन्ह. 'दुःख' मधला विसर्ग कित्येकांनी इंग्रजी अपूर्णविरामाने टाइप केलेला असतो. छापील पानावर कोणाच्या लक्षात येत नाही, पण संगणकासाठी तिथे शब्द तुटतो. मी रूपांतर झालं की या तीन-चार जुळ्यांची आधी एकच रीत ठरवतो आणि सगळीकडे तीच लावतो. हे एकदा केलं नाही तर पुढे शोध, सूची, ई-पुस्तक सगळीकडे ते नडत राहतं.

फाइल अजिबात उघडलीच नाही, पण छापील प्रत आहे, तर पानं स्कॅन करून ओळखून घेता येतात. टेसेरॅक्ट हा मोफत प्रोग्राम मराठी वाचतो. स्वच्छ ऑफसेट छपाई असेल तर बरं वाचतो, खिळ्यांच्या जुन्या छपाईत, शाई पसरलेली असेल तर अडखळतो. फॉन्टवरून केलेलं रूपांतर यापेक्षा नेहमीच चांगलं, म्हणून हा शेवटचा उपाय.

पुढचं काम कशावर

इथे मी फार वेळ घेत नाही. पानं लावायच्या इनडिझाइन या सॉफ्टवेअरला २०१२ सालच्या आवृत्तीपासून भारतीय लिप्या नीट येतात, फक्त परिच्छेदाची रचना करणारा योग्य पर्याय निवडावा लागतो, नाहीतर जोडाक्षरं फुटतात. त्याला दरमहा किंवा दरवर्षी पैसे भरावे लागतात. स्क्रायबस मोफत आहे. त्याच्या १.६ या आवृत्तीत देवनागरी व्यवस्थित लागते, पुस्तकं आणि अंक त्यावर निघतात. गुंतागुंतीचे तक्ते असतील तर हात आखडतो. तुमचं महिन्याचं काम पाहून ठरवा. बाहेरून रोज इनडिझाइनच्या फाइली येत असतील तर भाडं भरा, तो धंद्याचा खर्च आहे. वर्षाला सहा पुस्तकं आणि एक अंक असेल तर स्क्रायबसवर एक छोटं पुस्तक काढून पाहा. चोरीची प्रत मात्र वापरू नका. आजवर चालत आलं, हे मला माहीत आहे. पण संस्थेला बिल देणाऱ्या माणसाने ती जोखीम का घ्यावी?

फॉन्टची परिस्थिती आता पूर्ण बदललीय. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या मंडळींचे मुक्ता आणि बलू, आयआयटी मुंबईचा शोभिका, टिरो देवनागरी मराठी हे सगळे मोफत आहेत आणि छापील कामाला परवान्याने चालतात. पुस्तकाच्या मजकुराला शोभिका किंवा टिरो लावून एक पान वडिलांना दाखवा. कोणता फॉन्ट ते आधी सांगू नका. मराठी वळणाचे ल आणि श हवे असतील तर मजकुराची भाषा 'मराठी' अशी नेमा. ती हिंदी राहिली तर काही फॉन्ट हिंदी वळणाची अक्षरं दाखवतात. बारीक गोष्ट आहे, पण मराठी पुस्तकाच्या पानावर हिंदी श पाहिला की वाचणाऱ्याला काहीतरी परकं वाटतं, आणि त्याला का ते सांगता येत नाही.

टाइप करणाऱ्या ताई

तुम्ही लिहिलंय, त्यांना जुना कीबोर्डच येतो. मग तोच ठेवा. युनिकोडमध्ये टाइप करायचं म्हणजे नवा कळफलक शिकायलाच हवा, हा मोठा गैरसमज आहे. आतला संकेत वेगळा, बोटांखालची मांडणी वेगळी. टाइपरायटरच्या मांडणीवर बोटं मारून युनिकोड उमटवणारी साधनं मिळतात. त्यांना एवढंच सांगावं लागेल की वेलांटी आता अक्षरानंतर मारायची की आधी. ते साधनाप्रमाणे बदलतं. पंधरा दिवसांत हात बसतो.

हे मी आग्रहाने सांगतोय, कारण अशा बदलात सगळ्यात आधी या बायकांचं काम जातं. मालक नवं सॉफ्टवेअर आणतो, नव्या मुलाला ठेवतो, आणि ज्या बाईने वीस वर्षांत हजारो पानं मराठी टाइप केली, जिला डोळे मिटून ऱ्हस्व-दीर्घ कळतं, तिला 'संगणक येत नाही' म्हणून घरी बसवतो. रूपांतर झालेल्या मजकुराचं प्रूफ वाचायला तिच्यासारखं माणूस तुम्हाला दुसरं मिळणार नाही. तिनेच तो मजकूर टाइप केलाय. कुठे काय चुकतं हे तिला आठवतं. माझ्या एका कामात अशाच एका बाईंनी सांगितलं होतं, "२००३चा तो अंक मी तापात टाइप केला होता, तो नीट बघा." खरोखरच त्या अंकात इतरांच्या दुप्पट चुका निघाल्या.

या कामावर शंभर रुपये घालायचे असतील तर ऐंशी वाचणाऱ्या माणसांवर घाला. उरलेल्या विसात सॉफ्टवेअर भागवा. लोक नेमकं उलट करतात.

आता तिसरा प्रश्न: यात काही राहिलंय का

खिळ्यांच्या काळात, अगदी मुंबईच्या जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्यापासून, फॉर्म, म्हणजे एकत्र छापायच्या पानांचा संच, छापून झाला की खिळे सोडत. जुळवलेलं पान मोडून अक्षरं पुन्हा आपापल्या घरांत जात. पुस्तकाची दुसरी आवृत्ती म्हणजे पुन्हा पहिल्यापासून जुळणी. त्यामुळे छापखान्याकडे यंत्र होतं, खिळे होते, हाताचं कसब होतं, पण मजकूर कधीच शिल्लक राहत नव्हता. संगणक आल्यावर तो पहिल्यांदा शिल्लक राहिला. आणि तो आपण अशा फॉन्टमध्ये ठेवला की पुन्हा वापरता येऊ नये.

आता हिशेब बघा. ऑफसेटला प्लेट लागते, यंत्र लावायला वेळ लागतो, हा खर्च दहा प्रतींना तेवढाच आणि हजार प्रतींना तेवढाच. म्हणून लहान गावातलं पुस्तक हजार प्रतींचं निघायचं आणि त्यातल्या सहाशे प्रतींचे गठ्ठे लेखकाच्या माळ्यावर पडायचे. डिजिटल छपाईत प्लेट नाही. पन्नास प्रतीही परवडतात. मजकूर तयार, शोधता येण्याजोगा असेल तर जुन्या पुस्तकाच्या पन्नास प्रती काढायला नवी अक्षरजुळणी करावी लागत नाही. पान लावायचं, प्रूफ वाचायचं, छापायचं. लग्नपत्रिका व्हॉट्सॲपवर गेल्या, त्या परत येणार नाहीत असं मला वाटतं. पण तुमच्या भागातल्या शिक्षकाने लिहिलेला गावाचा इतिहास, पंचवीस वर्षांचे संस्थेचे अहवाल, दिवाळी अंकातल्या कथा, हे दुसऱ्या कोणाकडेच नाही.

इथे एक काळजी. मजकूर तुमच्या फाइलमध्ये आहे म्हणून तो तुमच्या मालकीचा होत नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतरही साठ वर्षं हक्क त्याच्या वारसांकडे असतो. तुम्ही राखणदार आहात. तेव्हा परस्पर काही छापू नका, नेटवर टाकू नका. लेखकांना, संस्थांना फोन करा आणि सांगा, "तुमचं पुस्तक आमच्याकडे आहे, ते नव्या रूपात करून देऊ का? इतका खर्च येईल." मी पाहिलेल्या तीन छापखान्यांनी हे केलं. एकाला फारसा प्रतिसाद मिळाला नाही. दुसऱ्याला संस्थांचे अहवाल डिजिटल करण्याचं काम मिळालं आणि ते आजही चालू आहे. तिसऱ्याकडे एका दिवंगत कवीच्या मुलीने वडिलांचा संग्रह पुन्हा काढून घेतला, साठ प्रती, घरच्या कार्यक्रमासाठी. श्रीमंत कोणी झालं नाही, पण तिघांनाही आपल्याकडे काय आहे ते कळलं.

मराठीच्या बाबतीत तंत्राची किंमत आपण आधीही मोजलीय. साध्या एसएमएसमध्ये इंग्रजी १६० अक्षरं बसायची, देवनागरी फक्त ७०. म्हणजे मराठीत लिहिलं की दोन-तीन संदेशांचे पैसे. लोकांनी 'kay karto' च्या धर्तीवर रोमन मराठी लिहायला सुरुवात केली त्यामागे इंग्रजीचं वेड जितकं होतं, त्याहून जास्त खिशाचा विचार होता असं माझं मत आहे. २०११च्या जनगणनेत ८ कोटी ३० लाख लोकांनी मराठी ही मातृभाषा नोंदवली. एवढी माणसं असूनही यंत्राला वाचता येईल असा चांगला, शुद्ध, तपासलेला मराठी मजकूर कमी आहे. त्याचं एक मोठं कारण म्हणजे तो आहे, पण तुमच्या त्या बंद पडलेल्या संगणकासारख्या ठिकाणी आहे.

आता काय कराल

या आठवड्यात हार्ड डिस्क आणि सीडी उतरवून दोन ठिकाणी ठेवा, फॉन्टसकट. नंतर एक दिवाळी अंक निवडा, शक्यतो ज्यात इंग्रजी नावं, एखादा तक्ता, कविता आणि पुरेसे रफार आहेत असा. त्याची दहा पानं आरटीएफमध्ये काढा, दोन वेगवेगळ्या प्रोग्राममधून रूपांतरित करा आणि ताईंना लाल पेन घेऊन वाचायला द्या. दर पानाला किती चुका निघतात ते लिहून ठेवा. पाचाच्या आत असतील तर सगळा साठा स्वतःच करा. वीसच्या वर गेल्या तर तुमच्या फॉन्टसाठी, कोणता खाना कोणत्या अक्षराचा हे सांगणारा, वेगळा तक्ता बनवावा लागेल, ते काम जाणकाराकडून एकदाच करून घ्या आणि तो तक्ता स्वतःकडे ठेवायचा हे आधी ठरवून घ्या.

विक्रेत्याला तोवर थांबायला सांगा. ती दहा पानं आणि फॉन्टचं नाव कळवलंत तर तक्ता लागेल की नाही ते मी बघून सांगेन.